फक्त कोर्टाच्या कामापुरता

मी परवाना बोलतोय. पण परवाना म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दुकानाच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत ऐटीत बसलेला कुणीतरी येतो. तो माझा लांबचा नातेवाईक. आमचं येणंजाणं नाही. मी तात्पुरता प्रवेश परवाना. ज्या माणसाला देशात पाऊल टाकायलाच बंदी आहे, त्याला थोडा वेळ आत सोडणारा कागद.

माझ्यावरचं पहिलं वाक्य असं आहे : ‘सदर इसमास या देशात प्रवेश करण्यास कायमची मनाई आहे.’ दुसरं वाक्य ‘तथापि’नं सुरू होतं. माझा सगळा जीव त्या ‘तथापि’मध्ये आहे. एकाच कागदावर आधी दार लावून घ्यायचं आणि मग त्याच दाराला फट ठेवायची, ही कला सरकारी कचेरीखेरीज कोणालाही साधलेली नाही.

पासपोर्टाचं बरं असतं. त्याला पानं असतात, पानांवर शिक्के असतात आणि एका शिक्क्याला दुसऱ्या शिक्क्याची सोबत असते. मी एकच पान. जाड, फिकट हिरवा, मागची बाजू कोरी. एक माणूस, एक वेळ, एक कारण. आमच्यात जोड्या नसतात, गठ्ठे नसतात. छापखान्यात मी शेकडो भावंडांत होतो खरा, पण माझ्यावर नाव टंकलं गेलं त्या क्षणी मी त्यांच्यातून उठलो. नाव मिळालं आणि गोतावळा गेला.

ज्याचं नाव माझ्यावर पडलं, तो काचा बसवणारा कारागीर होता. तरुणपणी एका कंत्राटदाराच्या नावानं तो या देशात आला. कंत्राटदार एके दिवशी कुलूप लावून पळाला, तेव्हा यानं पोटासाठी दुसऱ्याकडे काम धरलं. पळालेल्या मालकाला कोणी काही केलं नाही. याला मात्र ‘परवानगीशिवाय मालक बदलला’ म्हणून देशाबाहेर घालवलं आणि आयुष्यभराची बंदी घातली. मधल्या काळात त्यानं, आईबरोबर बाहेरून इथे येऊन राहिलेल्या एका मुलीशी लग्न केलं होतं. ती दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा सीमेपलीकडे, बायको अलीकडे. अशानं एक तप उलटलं.

ती का गेली नाही त्याच्याकडे, असं तुम्ही विचाराल. तिची आई अंथरुणाला खिळलेली. आईचं औषधपाणी इथल्या दवाखान्यात फुकट होतं आणि दोघींचा इथे राहायचा हक्क असा होता की देश सोडला की संपला. नवऱ्याकडे दोन दिवस जाऊन यावं म्हटलं तरी परत यायचं दार बंद. त्यामुळे त्यांचा संसार चालला तो फोनवर. ‘जेवलीस का?’, ‘जेवलात का?’ यापलीकडे बरंच काही बोलायचं राहून जाई.

हे सगळं मला कसं ठाऊक? माझी फाइल. तिच्यात माझ्याखाली तिचे जुने अर्ज होते, नाकारल्याचा शेरा कपाळावर घेऊन पडलेले. नाकारलेले अर्ज फार बोलतात. दुसरं कामच नसतं त्यांना.

कचेरीत त्या खिडकीशी जे कारकून बसत, त्यांना सगळे कारणसाहेब म्हणत. अर्ज हातात घेतला की वर न बघता ते विचारत, “कारण काय?”

“नवऱ्याला भेटायचंय,” ती पहिल्यांदा म्हणाली होती.

“ती इच्छा झाली, बाई. मी कारण विचारतोय.”

पुढच्या खेपेला ती म्हणाली, “माझी आई आजारी आहे. तिला जावयाला बघायचंय.”

“किती आजारी?”

“अंथरुणावर आहे.”

“म्हणजे अजून आहे. अत्यवस्थ असल्याचा दाखला आणा.”

हे घरी कळलं तेव्हा म्हातारी म्हणाली म्हणे, “मरते म्हणावं, पण त्यांच्या कचेरीच्या वेळात नाही.”

कारणसाहेब दुष्ट नव्हते. दुष्ट माणसाला उत्साह लागतो. त्यांच्यासमोरच्या भिंतीवर मान्य कारणांचा तक्ता होता आणि त्या तक्त्यात मरण होतं, शस्त्रक्रिया होती, कोर्ट होतं, भेटणं नव्हतं. जे तक्त्यात नाही ते जगात नाही, अशी त्यांची साधी श्रद्धा होती.

वाट काढली ती तिच्या घराच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वकीलबाईंनी. एका संध्याकाळी जिन्यात त्यांनी तिला थांबवलं.

“ताई, तुम्ही त्यांना भेटायला बोलावताय, म्हणून अडलंय. सोडायला बोलवा.”

“म्हणजे?”

“घटस्फोटाचा अर्ज करा. दोघांनी समक्ष हजर राहावं लागतं. कोर्टानं बोलावलं की कारणसाहेबांचा बापही अडवू शकत नाही.”

“अहो, पण मला घटस्फोट नकोय!”

“कोणाला हवाय? ऐका. परवान्याची मुदत खटला संपेपर्यंत असते. तारीख पडली की मुदत आपोआप पुढे. आणि कोर्टात काय होतं? कधी साहेब रजेवर, कधी फाइल दुसऱ्या इमारतीत, कधी मीच आजारी. पहिल्या तारखेला निकाल लागलेला मी अजून पाहिला नाही. तारखांवर तुमचा संसार पाच-सहा वर्षं आरामात चालेल.”

जगात कोणी भरवसा ठेवतं ते देवावर, कोणी नशिबावर. या नवराबायकोंनी ठेवला कोर्टाच्या दिरंगाईवर. मला वाटतं, कागदांच्या इतिहासात इतका पक्का पाया कोणाच्याच भरवशाला नसेल.

असा मी जन्मलो. ‘कारण’ या रकान्यात कारणसाहेबांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं : फक्त कोर्टाच्या कामापुरता. खाली अटी : परवाना सदैव अंगावर बाळगावा, मुक्काम ठरवून दिलेल्या लॉजवरच करावा, खटला निकाली निघाल्यास दुसऱ्या दिवशी देश सोडावा. मग मला पाकिटात घालून सीमेपार पाठवलं.

पाकीट फोडताना त्याचे हात मी पाहिले. बोटांवर काचेच्या पांढऱ्या, बारीक रेघा होत्या, माझ्यावरच्या टंकलेल्या ओळींसारख्या. त्यानं मला वाचलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं. तिथून पुढे मला माणसांचे चेहरे फारसे दिसले नाहीत. खिशातून काळीज ऐकू येतं, चेहरा दिसत नाही.

सीमेवरच्या शिपायानं मला उलटसुलट करून पाहिलं आणि हसून म्हणाला, “बायकोला सोडायला निघालात? लोक बायकोपासून पळून देशाबाहेर जातात, तुम्ही आत येताय.” तोही हसला. तो सगळ्यांच्या विनोदांना हसायचा. बंदी घातलेल्या माणसाला ती सवय लागतेच.

तिच्या दारात तो पोचला तेव्हा मला वाटलं, आता मोठं काहीतरी होणार. दार उघडलं.

“या,” ती म्हणाली.

“बरी आहेस ना?” त्यानं विचारलं.

“चपला आत घ्या. बाहेर राहत नाहीत.”

बस्स. बारा वर्षांनंतरचं बोलणं ते एवढं. तो खुर्चीच्या कडेवर पाहुण्यासारखा बसला. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ वाहता राहिला. फोनवर दोघांना एकमेकांचा आवाज पाठ होता; पण आवाजाला गुडघे नसतात, चष्मा नसतो, समोर आल्यावर ठेवायचे कुठे असा प्रश्न पडणारे हात नसतात. एका खोलीत बसलेली ती दोन माणसं फोनवर होती त्याहून दूर होती. खिशात मला तेव्हा पहिल्यांदा एकटं वाटलं, आणि मजा अशी की ते एकटेपण माझं नव्हतं.

आतल्या पलंगावरून आवाज आला, “जावईबापू, उंबऱ्यातच सोडचिठ्ठी देताय की पाणी पिऊन?”

“आई!” ती ओरडली.

“मला ऐकू कमी येतं गं, समजतं भरपूर. या इकडे, बघू द्या. जाड झालात. बायको नसली की पुरुष जाड होतो, हे मी पूर्वीपासून म्हणत आले.”

म्हातारीच्या पलंगाशेजारच्या खिडकीची काच तडकलेली होती आणि तिला चिकटपट्ट्या लावलेल्या. काय बोलावं हे न सुचल्यामुळे त्यानं वीत टाकून ती काच मोजली. दुसऱ्या दिवशी नवी काच आणली, जुनी काढली, कडेनं काच पक्की करणारी लांबी भरली, अंगठ्यानं गुळगुळीत केली. काम करताना तो पहिल्यांदा सैल झाला. बायको लांबीचा गोळा हातात धरून उभी होती. “अगं, इतका घट्ट धरू नकोस, वाळेल,” असं तो तिला दरडावून म्हणाला, आणि दोघांनाही एकदम बरं वाटलं. दरडावणं हे घरच्या माणसाचं काम आहे.

म्हातारी म्हणाली, “घटस्फोट घेणारे सामान उचलून नेतात. हे बसवून जातायत. नवीन पद्धत दिसते.”

पण संध्याकाळी त्याला उठावं लागे. अट होती ना माझ्यावर. लॉजवर जाऊन वहीत सही करायची. तिथल्या मॅनेजरला प्रश्न विचारायची हौस होती.

“पाहुणे, घटस्फोटासाठी आलात ना?”

“हो.”

“मग रोज दाढी करून, शीळ घालत कुठे निघता?”

“वकिलाकडे.”

“वकील बाई आहे वाटतं.”

लॉजच्या खोलीत एक खाट, एक खुंटी आणि मी. शर्ट खुंटीला टांगला तरी मला काढून तो उशीखाली ठेवी, कारण ‘सदैव अंगावर’. उशीखालून मला त्याचं बोलणं ऐकू यायचं. दिवसभरात तिला सांगायचं राहून गेलेलं तो तिथे एकटाच सांगत असे. पलीकडच्या गावात त्यानं बसवलेल्या काचा, तिथला बोका, एकदा झालेला ताप. ऐकायला मी होतो. तिला ऐकायचं होतं आणि ऐकत होता कागद.

दिवस जात होते तसं ते थोडं थोडं जमत चाललं होतं. तिच्या हातची इस्त्री त्याच्या शर्टाला होऊ लागली, खिशावरून इस्त्री फिरवताना ती मला आधी काढून ठेवी आणि एकदा म्हणाली, “या चिठोऱ्याला माझ्यापेक्षा जास्त सोबत आहे तुमची.” ती चिडून म्हणाली, तरी मला ते कौतुकासारखं वाटलं. आमच्या जातीला कोणी हेवा करण्याजोगं समजत नाही.

मग तारीख आली.

सकाळपासून सगळे निर्धास्त होते. वकीलबाईंनी पुढची तारीख मागायचा अर्ज तयारच ठेवला होता. तिनं जाताना आईला सांगितलं, “दुपारी येतो, डाळ भिजत घातलीये.” पण न्यायाधीश निवृत्तीला आलेले होते, आणि निवृत्तीला आलेला माणूस अचानक उदार होतो. त्यांनी मला मागून घेतलं. मी शिपायाच्या हातून मेजावर गेलो. त्यांनी चष्मा सावरून मला शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. इतक्या आस्थेनं मला कोणीच वाचलं नव्हतं.

“वकीलबाई, हा माणूस एवढ्या लांबून, एवढ्या अटी सोसून आलाय. याला मी तारीख देऊ? माणुसकी आहे की नाही?”

“साहेब, काही कागद अपुरे आहेत.”

“कोणते?”

“विवाहनोंदीची प्रत…”

“आहे, साहेब,” कोर्टाचा लिपिक तत्परतेनं म्हणाला. वर्षानुवर्षं ज्याला फाइल सापडत नसे, त्याला त्या दिवशी सगळं सापडत होतं.

“साहेब, मला जरा बरं वाटत नाहीये.”

“बसून बोला. पाणी द्या रे बाईंना. पंधरा मिनिटांनी दोघांचे जबाब घेऊ आणि आजच संपवू. मी कोणाला रखडवत नाही.”

ती पंधरा मिनिटं आम्ही बाहेरच्या बाकावर होतो. मी पुन्हा खिशात. वकीलबाई हळू आवाजात भरभर बोलत होत्या.

“घाबरू नका. दोघंही हो म्हणा. निकाल झाला की त्यावर अपील करते. अपील म्हणजे पुन्हा तारखा, पुन्हा मुदत. कागदावर घटस्फोट, पण हे भाऊ इथे वर्षानुवर्षं राहतील. नाही म्हणालात तर खटला आजच संपला. तक्रारच नाही म्हटल्यावर अपील कसलं? मग उद्या सीमा. आणि हे कारण एकदा वापरलं की परत चालत नाही.”

ती त्याच्याकडे वळली. “अहो, ऐकताय ना? नुसतं हो म्हणायचं. तुम्ही तर सगळ्यांनाच हो म्हणता. भाजीवाल्यालासुद्धा.”

“हो,” तो म्हणाला.

“हां, असंच.”

आत गेल्यावर न्यायाधीशांनी मला पुन्हा समोर घेतलं. मेजावरून मी त्याचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. त्या छातीच्या मानानं चेहरा बराच थकलेला होता.

“बाई, तुम्हाला या गृहस्थांपासून वेगळं व्हायचंय?”

“हो.”

“नीट विचार करून सांगताय?”

“हो.” तिचा आवाज खणखणीत होता. सकाळी चादर झटकावी तसा.

“आणि तुम्हाला?”

पंख्याचा आवाज येत होता. वकीलबाईंनी पेन खाली पाडलं आणि उचललं.

“काय हो? तुम्हाला विचारतोय.”

“नाही,” तो म्हणाला.

“काय नाही?”

“मला नकोय. वेगळं व्हायला.”

न्यायाधीशांनी चष्मा काढला. इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर बहुधा पगारवाढीच्या वेळीही आला नसेल. “बघा, वकीलबाई! आणि तुम्ही तारीख मागत होता! बाई, तुमचा नवरा काय म्हणतोय ऐकलंत ना? आता बोला.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग होता आणि रागाच्या मागून दुसरं काहीतरी वर येत होतं. शेवटी ती म्हणाली, “मग मलाही नको.”

कोर्टात बसलेले लोक हसले, कोणीतरी टाळीही वाजवली. “खटला निकाली,” न्यायाधीश म्हणाले. “जा, दोघं सुखानं नांदा. एकत्र.” आणि मला त्यांनी प्रेमानं परत केलं. माझी शेवटची अट बरोबर त्यांच्या अंगठ्याखाली होती.

बाहेरच्या पायऱ्यांवर तिनं तोंड उघडलं.

“एक अक्षर! एक अक्षर म्हणवलं नाही तुमच्यानं?”

“तू म्हणालीस, ते ऐकवलं नाही.”

“खोटं होतं ते!”

“माहीत होतं. तरी.”

“आता उद्या जाल. हो म्हणाला असतात तर वर्ष-दोन वर्षं तरी घरात दिसला असतात.”

“कोण म्हणून आलो असतो मी घरात?”

ती तरातरा पुढे निघाली. कोपऱ्यावर थांबली. तो पोचेपर्यंत थांबली आणि मग दोघं बरोबर चालू लागली, काही न बोलता. पण पहिल्या दिवसाचं न बोलणं आणि हे न बोलणं, यांत फार फरक होता. तो मला खिशातूनही कळला.

“जिंकलात की हरलात?” म्हातारीनं विचारलं.

“दोन्ही, आई.”

“मग कोर्टच ते.”

दुसऱ्या दिवशी ती सीमेपर्यंत आली. पिवळ्या रेघेपुढे तिला जाता येत नव्हतं आणि अलीकडे त्याला थांबता येत नव्हतं. खिडकीतल्या माणसानं मला काढून घेतलं, छिद्र पाडलं आणि सहज विचारलं, “मिळाला का घटस्फोट?”

“नाही.”

“अरेरे,” तो मनापासून म्हणाला.

माझ्या माणसानं रिकाम्या खिशावर एकदा हात ठेवला आणि तो गेला. निरोप घ्यायची आमच्यात सोय नाही.

मी परत कारणसाहेबांच्या कचेरीत आलो, त्याच फाइलीत, सगळ्यांत वर. ‘उद्देश संपुष्टात’ असा शिक्का माझ्यावर पडला. फाइल अजून मेजावरच होती, तेव्हा ती खिडकीशी आली. कारणसाहेबांनी सवयीनं अर्जासाठी हात पुढे केला.

“आज अर्ज नाही. विचारायला आलेय. इथून कायमचं जायचं तर काय लागतं?”

“कोणाला?”

“मला आणि आईला.”

“काही लागत नाही. राहायचा हक्क जातो, तेवढंच.”

“सही कुठे करायची?”

“जायला सहीसुद्धा लागत नाही, बाई.”

तिनं खिडकीचा कठडा धरला. “तिकडे औषधं विकत घ्यावी लागतील,” ती म्हणाली. “धुलाईखाने असतीलच. चादरी सगळीकडे चुरगळतात.”

कारणसाहेबांनी तेव्हा मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मला वाटतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. “परत येता येणार नाही,” ते म्हणाले. “आणि आईंना प्रवास झेपेल?”

“ती म्हणते, झोपूनच तर जायचंय.”

मग तिची नजर माझ्यावर पडली. “हा कागद देता? तुम्हाला आता काय उपयोग?”

“रेकॉर्ड आहे. बाहेर नेता येत नाही.”

“बरं,” ती म्हणाली. खिडकीतून बोट आत घालून तिनं माझी घडी सरळ केली. त्याच्या छातीच्या बाकानं पडलेली घडी होती ती. सरळ झाली नाही. ती गेली. माझ्या माहितीप्रमाणे त्या दोघी त्याच आठवड्यात गेल्या, कारण त्यानंतर या फाइलीत एकही कागद आला नाही.

आता मी तळघरातल्या लोखंडी कपाटात आहे. खालचे अर्जही बोलेनासे झालेत. त्यांना सांगण्यासारखं होतं ते सांगून संपलं. त्या घरात काय चाललंय, म्हातारीनं तिकडच्या डॉक्टरला काय सुनावलं, तो आता कोणाला दरडावतो, यातलं मला काही कळणार नाही. कळायचं कारणही नाही. माझं काम कोर्टापुरतं होतं. ती तिघं एका छपराखाली असतील अशी मी कल्पना करतो. मी तिथे नाही, आणि मी तिथे नसणं हीच ती एकत्र असल्याची खूण आहे, हे मला समजतं. समजलं म्हणून सोबत होत नाही.

वाचकहो, माझी मागणी मोठी नाही. मला मुदतवाढ नको, बाहेर यायचं नाही, खिसाही नको. फक्त कधी कुणी जुना कागद शोधत या कपाटाशी आलात, तर हवा तो कागद सापडल्यावर दार लगेच लावू नका. जरा उभे राहा. कोणाशी तरी मोठ्यानं काही बोला. जेवलीस का, जेवलात का, एवढंही चालेल.